घोडा गेला, नाव राहिलं

इंडस्ट्रियल व्हिजिटच्या दुसऱ्या दिवसाचं काय करायचं, यावर सध्या दोन्ही हॉस्टेलांत जोरदार चर्चा चालू आहे. पहिला दिवस ठरलेला असतो. हेल्मेट घालायचं, पिवळ्या पट्ट्यांच्या आतून चालायचं, मशीनच्या आवाजात गाइडचं काही ऐकू आलंच तर ऐकायचं आणि शेवटी गेटवर ग्रुप फोटो. दुसरा दिवस म्हणजे ‘मुंबई दर्शन’. गेल्या वर्षी सीनियर्सचं दर्शन असं झालं : गेटवे, वीस मिनिटं. मरीन ड्राइव्ह, पंधरा मिनिटं, त्यातली दहा बस शोधण्यात. मग मॉल, चार तास! अहो, मॉल आपल्याकडेही आहे. फार तर दोन एस्केलेटर कमी असतील.

माझं मत मी आधीच सांगून टाकते, म्हणजे मेसची वेळ झाली म्हणून ज्यांना पुढचं वाचता येणार नाही त्यांनाही ते कळेल. दुसऱ्या दिवशी बसला सुट्टी द्यावी. सकाळी काळा घोडा पायी फिरावं आणि दुपारी लोकलने भायखळ्याला राणीच्या बागेत जावं. ‘राणीच्या बागेत? आम्ही काय पहिलीत आहोत का?’ असं ज्यांनी आत्ता मनात म्हटलं, त्यांच्यासाठीच हा लेख आहे.

एक खुलासा. मी कॉन्व्हेंटची. आमच्या शाळेत वर्गात मराठी बोललं की पाच रुपये दंड व्हायचा, त्यामुळे या लेखातल्या ऱ्हस्व-दीर्घांवर संपादक मंडळाचा किती वेळ गेला ते त्यांनाच विचारा. पण या विषयात कॉन्व्हेंटचा एक फायदा झाला. इंग्लंडचे राजे मला ओळीने पाठ आहेत : व्हिक्टोरिया राणी, तिचा मुलगा सातवा एडवर्ड, त्याचा मुलगा पाचवा जॉर्ज. परीक्षेपलीकडे याचा कधी उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. तो झाला मावशीच्या सासऱ्यांशी बोलताना. मावशी लालबागला राहते. तिचे सासरे गिरणीत होते. आम्ही सगळी भावंडं त्यांना आजोबाच म्हणतो. काळा घोडा चौकातला मूळ पुतळा त्यांनी तरुणपणी जाग्यावर पाहिलेला आहे. मी विचारलं, “आजोबा, त्याच्यावर सातवा एडवर्ड बसलेला होता ना?”

“कोण बसलेला?”

“राजा हो. इंग्लंडचा.”

“असेल बाई कोणीतरी. घोडा मात्र झकास होता. काळाकुळकुळीत.”

मला हे उत्तर फार आवडलं. कारण आजोबांनी जे केलं तेच साऱ्या मुंबईने केलं होतं.

हकीकत अशी. १८७५ साली इंग्लंडचा युवराज, म्हणजे प्रिन्स ऑफ वेल्स, मुंबईला आला होता. हाच पुढे सातवा एडवर्ड झाला. त्या भेटीची आठवण म्हणून अल्बर्ट ससून या बड्या व्यापाऱ्याने त्याचा घोड्यावर बसलेला ब्राँझचा पुतळा शहराला भेट दिला. जोसेफ एडगर बोएम नावाच्या शिल्पकाराने तो घडवला आणि १८७९ मध्ये तो चौकात उभा राहिला. पैसा ससूनचा, हुकूमत इंग्रजांची, मान युवराजाचा. नाव ठेवताना मात्र रस्त्यावरच्या माणसांना कोणी विचारलं नाही आणि त्यांनीही कोणाला विचारलं नाही. हमाल, गाडीवान, कोर्टातले कारकून, कॉलेजची पोरं येता-जाता वर मान करून पाहायचे. ब्राँझ काळवंडलेलं. त्यांनी नाव ठेवलं काळा घोडा. वर बसलेल्या भावी सम्राटाचा त्यात कुठे पत्ताच नाही!

कल्पना करा, आपल्या मेन गेटसमोर कोणीतरी लाखो रुपये खर्चून स्वतःचा कारसकट पुतळा बसवला आणि पोरं त्या जागेला ‘लाल गाडी’ म्हणायला लागली तर? त्या माणसाच्या जिवाला काय वाटेल? मुंबईच्या लोकांनी मोर्चा न काढता, दगड न मारता राजाला असं परस्पर वगळून टाकलं. यात कोणी ठरवून देशभक्ती केली असं मी म्हणणार नाही. घोडा छान होता, राजा ओळखीचा नव्हता, इतकं ते साधं असावं. पण त्यामुळेच मला ते जास्त खरं वाटतं.

आता मेकॅनिकलवाल्यांसाठी थोडं. आपण एस.ई.ला फाउंड्रीत एक पुली ओतली होती, आठवतं? साधी पुली. तिच्यात ब्लोहोल आले, एका बाजूला मेटल पोचलंच नाही आणि आम्ही जर्नलमध्ये ‘जॉब समाधानकारक’ असं लिहून सही घेतली. आता घोडा घ्या. चार बारीक पाय, त्यावर एवढं मोठं धड, त्यावर माणूस. भरीव ओतला तर वजन पेलणार नाही आणि जाड भाग थंड होताना तडे जातील ते वेगळेच. म्हणून असे पुतळे आतून पोकळ असतात. कोअर बसवायचा, तो धातूच्या दाबाने हलू द्यायचा नाही, पातळ भिंतीतून धातू शेपटीच्या टोकापर्यंत पोचवायचा आणि वेगवेगळे ओतलेले तुकडे असे जोडायचे की सांधा दिसू नये. पुस्तकात गेटिंग सिस्टिमचं जे प्रकरण आपण ऑप्शनला टाकतो, ते इथे उभं राहून पाहायला मिळतं. हे सगळं आपल्या पुलीच्या दीडशे वर्षं आधी.

पण ‘इथे’ म्हणजे कुठे? काळा घोडा चौकात नव्हेच. कारण १९६५ मध्ये तो पुतळा तिथून हलवला. स्वातंत्र्य मिळून अठरा वर्षं झाली होती, महाराष्ट्र राज्य होऊन पाच, आणि भर चौकात इंग्लंडचा राजा अजून घोड्यावर बसलेलाच होता. त्याला उचलून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेऊन ठेवलं, घोड्यासकट. चौक रिकामा झाला. आणि नाव? नाव जागचं हललं नाही. पुढची बावन्न वर्षं त्या जागी घोडा नव्हता तरी पत्ता सांगताना लोक ‘काळा घोडा’च म्हणत राहिले. १९९९ मध्ये तिथे कलामहोत्सव सुरू झाला, त्याचं नावसुद्धा काळा घोडाच. दर वर्षी फेब्रुवारीच्या सुमारास नऊ दिवस तिथे तुडुंब गर्दी असते.

यावर आमच्या ग्रुपमध्ये भांडणच झालं. एकाचं म्हणणं, पुतळा हलवला म्हणजे इतिहास पुसला. युरोपात बघा, सगळं कसं जपून ठेवतात. दुसऱ्याचं म्हणणं, हलवला कशाला? वितळवायचा होता! तेवढ्या ब्राँझच्या किती बेअरिंग बुशेस झाल्या असत्या. (हा प्रॉडक्शनचा, हे सांगायला नकोच.) दोघंही माझे चांगले मित्र आहेत, पण दोघांचंही मला पटत नाही.

चौकातला पुतळा ही फक्त माहिती नसते. चौथऱ्यावर चढवून आपण सांगतो की याच्याकडे मान वर करून बघा. आपल्या पैशाने राज्य करणाऱ्याकडे आपण रोज ऑफिसला जाताना मान वर करून का बघावं? तेव्हा चौकातून तो काढला हे बरोबरच झालं. पण वितळवला असता तर मी आज ते कास्टिंग पाहू शकले नसते, आणि लोकांनी राजाला वगळून घोडा कसा उचलला ही गंमत दाखवायला पुरावाच उरला नसता. इतिहास पुसला म्हणणाऱ्या मित्राला तर मी एवढंच विचारलं, तू कधी भायखळ्याला जाऊन पाहिलास का? नाही. एडवर्ड महाशय पाच-सहा किलोमीटरवर तिकीट काढलं की भेटतात. भेटायला कोणी जात नाही हा दोष हलवणाऱ्यांचा कसा?

२०१७ च्या जानेवारीत चौकाच्या परिसरात नवा घोडा उभा राहिला. काळा घोडा असोसिएशनने तो बसवला. कल्पना वास्तुरचनाकार अल्फाझ मिलर यांची, शिल्पकार श्रीहरी भोसले. या घोड्यावर स्वार नाही. लगाम हातात धरायला कोणी नाही. काही जण म्हणतात, हे काय अर्धवट? मला वाटतं, यापेक्षा पूर्ण पुतळा होऊच शकत नाही. मुंबईकरांना पहिल्यापासून जेवढं दिसत होतं तेवढंच आता चौथऱ्यावर आहे.

तर सकाळी तिथे जायचं. फोटो काढा, माझी हरकत नाही. पण नंतर मागे वळा. तिथे पिवळसर दगडाची, कमानींची एक इमारत आहे. डेव्हिड ससून लायब्ररी. नव्वद टक्के लोक तिच्याकडे पाठ करून घोड्याचा फोटो काढतात. आणि इंजिनिअरिंगच्या मुलांनी जर मुंबईत एकच इमारत पाहायची असेल तर ती ही, असं माझं ठाम मत आहे.

कारण सांगते. १८४७ साली मुंबईच्या टांकसाळीत आणि सरकारी गोदीत काम करणाऱ्या काही तरुण मेकॅनिक आणि फोरमन मंडळींनी एकत्र येऊन यंत्रांची मॉडेल्स, इमारतींची डिझाइन्स आणि पुस्तकं जमवायला सुरुवात केली. संस्थेचं नावच मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट! तेव्हा आपल्या देशात रेल्वे यायची होती. बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली ती १८५३ मध्ये. मुंबई विद्यापीठ निघालं १८५७ मध्ये. म्हणजे या पोरांना ना डिग्री, ना सिलॅबस, ना इंटर्नल मार्क्स. दिवसभर नाणी पाडायची, जहाजांना ठोकाठोकी करायची आणि मग पुस्तकं वाचायची. पुढे डेव्हिड ससून यांनी साठ हजार रुपये दिले, बाकीची भर सरकारने घातली आणि १८७० मध्ये ही इमारत पूर्ण झाली. नाव अर्थातच देणगीदाराचं लागलं. मेकॅनिक लोकांची नावं दारावर नाहीत.

आपल्या सेंट्रल लायब्ररीत सबमिशनचे आठ दिवस सोडले तर संध्याकाळी किती जण असतात, हे लायब्रेरियन सरांना विचारून बघा. (सर, एसी बंद असतो हेही कारण आहे, नम्रपणे नोंदवते.)

लायब्ररीच्या जिन्यापाशी डेव्हिड ससून यांचा संगमरवरी पुतळा आहे, थॉमस वूलनर या शिल्पकाराचा. वरच्या व्हरांड्यात लांब हातांच्या जुन्या आरामखुर्च्या असतात आणि त्यात वाचता वाचता झोपलेली वडीलधारी मंडळी. मागे छोटीशी बाग. समोर सगळं शहर हॉर्न वाजवत चाललेलं आणि इथे पान उलटल्याचा आवाज. आत जाताना गेटवर विचारून जावं. आपण साठ जण एकदम घुसलो तर ते आजोबा लोक बिचारे घाबरतील. दहा-दहाचे ग्रुप करावेत.

ससून घराण्याबद्दल लिहिताना एक गोष्ट लपवायची नाही. हे मूळचे बगदादचे ज्यू. डेव्हिड ससून १८३२ च्या सुमारास मुंबईत आले आणि व्यापारात गडगंज झाले. तो व्यापार कापसाचा होता तसाच चीनला पाठवल्या जाणाऱ्या अफूचाही होता. पुण्याचं ससून हॉस्पिटल, कुलाब्याचा ससून डॉक, ही लायब्ररी, शेजारच्या गल्लीतलं निळ्या रंगावरून ओळखू येणारं १८८४ चं सिनेगॉग, सगळं याच घराण्याच्या पैशातून आलेलं. अफूच्या पैशातून आलेल्या लायब्ररीत बसून वाचावं की नाही? मी बसले. पण खुर्चीत टेकल्यावर हा विचार आला आणि तो यायला हवा असं मला वाटतं.

लायब्ररीच्या शेजारी एलफिन्स्टन कॉलेज. १९१२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच कॉलेजमधून बी.ए. झाले. तेव्हा मूळ पुतळा जाग्यावर होता. म्हणजे कॉलेजला जाता-येता तो घोडा त्यांना रोज दिसत असणार. फूटपाथवर दोन मिनिटं थांबून एवढं मनात आणलं तरी पुरे; त्याला तिकीट नाही.

समोर जहांगीर आर्ट गॅलरी, १९५२ ची. प्रवेश फुकट, आणि आत चित्रांखालच्या किमती वाचून ‘आपण ड्रॉइंगचीच लाइन घ्यायला हवी होती’ असं प्रत्येकाला वाटतं. पलीकडे मोठा घुमट दिसतो ते छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, पूर्वीचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. इथला प्रिन्स वेगळा. हा आपल्या घोडेस्वाराचा मुलगा, पुढचा पाचवा जॉर्ज. १९०५ मध्ये त्याने पायाभरणी केली. जॉर्ज विटेट या आर्किटेक्टने तो घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून घेतला. म्युझियम नीट पाहायचं तर अख्खा दिवस हवा, म्हणून या खेपेला बाहेरूनच. राजाबाई टॉवरही रस्त्यावरूनच. २८० फूट, १८७८ मध्ये पूर्ण.

सिव्हिलवाल्यांनी मात्र एका इमारतीसमोर जरूर थांबावं. लायब्ररीपासून काही पावलांवर एस्प्लनेड मॅन्शन आहे. पूर्वीचं वॉटसन हॉटेल. १८६० च्या दशकात याचे ओतीव लोखंडाचे खांब आणि तुळया इंग्लंडमध्ये तयार करून जहाजाने मुंबईला आणल्या आणि इथे जोडल्या. आज आपण ज्याला प्री-फॅब्रिकेटेड म्हणतो ते हेच. भार सगळा सांगाड्यावर, भिंती नुसत्या मधली जागा भरायला. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश यांचा. लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनच्या प्रचंड छतावरही त्यांनी काम केलं होतं. ७ जुलै १८९६ ला याच हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली, भारतातला सिनेमाचा पहिला खेळ. असले खेळ पाहून आपल्या सावे दादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. अशी इमारत! आणि तिची अवस्था? मोडकळीला आली म्हणून २०१९ मध्ये रिकामी करावी लागली. पाडावी की दुरुस्त करावी यावर तज्ज्ञांमध्येच दोन तट पडले. आपल्याकडे मेंटेनन्स हा विषय सातव्या सेमिस्टरला इलेक्टिव्ह असतो आणि तो कोणी घेत नाही. असो.

पुढे पंधरा मिनिटं चालत गेटवे. कमानीबद्दल सगळ्यांना सगळं माहीत आहे, म्हणून मी फक्त समुद्राकडे बोट दाखवते. तिथून ज्या लाँचेस सुटतात त्यांच्यावर लिहिलेलं असतं ‘एलिफंटा’. तासाभरात बेट येतं. लेणी अप्रतिम, त्रिमूर्तीसमोर बोलणं बंद होतं, १९८७ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहेत. (इलेक्ट्रिकलवाल्यांनो, त्या बेटावर कायमची वीज पोचली ती २०१८ मध्ये, समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटर केबल टाकून. गेटवेवरून बेट दिसतं, मुंबईचा झगमगाट बेटावरून दिसतो, आणि वीज यायला स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षं!) या बेटाचं आपलं नाव घारापुरी. एलिफंटा हे नाव पोर्तुगीजांनी ठेवलं, कारण किनाऱ्याजवळ दगडात कोरलेला एक प्रचंड हत्ती उभा होता. आता लोक लाँचमधून उतरतात, हत्ती शोधतात, आणि हत्ती नाही!

तो हत्ती कुठे गेला, याची गोष्ट म्हणजे आपल्या मटेरियल हँडलिंगच्या पेपरला येण्यासारखा प्रश्न आहे. १८१४ मध्ये त्याचं डोकं आणि मान गळून पडली होती. उरलेला हत्ती १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. लोडचा अंदाज चुकला, फॅक्टर ऑफ सेफ्टी कमी पडला, स्लिंग कुठे बांधायची ते कळलं नाही, काय वाटेल ते म्हणा. पण त्या मोडलेल्या क्रेनचे आपण उपकार मानायला हवेत. नाहीतर तो आज लंडनच्या कुठल्यातरी दालनात उभा असता. तुकडे मुंबईला आणले आणि १९१४ मध्ये पुन्हा जुळवून हत्ती उभा केला. कुठे? भायखळ्याला, राणीच्या बागेत!

आता लक्षात आलं मी भायखळ्याचा हट्ट का धरतेय ते? मुंबईत येणारा प्रत्येक प्रवासी दोन जनावरांच्या नावाच्या दोन जागा पाहतो. एकीकडे काळा घोडा नाव आहे आणि ज्याच्यावरून ते पडलं तो घोडा नाही. दुसरीकडे एलिफंटा नाव आहे आणि हत्ती नाही. दोघंही एकाच बागेत, हाकेच्या अंतरावर उभे आहेत. आणि तिथे त्यांच्यासाठी जाणारा प्रवासी शंभरात एखादा.

ही बाग १८६२ ची. मूळ नाव व्हिक्टोरिया गार्डन्स, आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. आमची मावशी अजून ‘राणीचा बाग’ म्हणते, पुल्लिंगी. कोणती राणी ते तिला विचारायची सोय नाही. “अगं, राणी म्हणजे राणी! चल, डबा घे,” असं ती म्हणते. दारापाशीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची इमारत आहे, १८७२ ची. राणीच्या नावाने उघडलेल्या त्या म्युझियमला १९७५ मध्ये या मराठी डॉक्टर-संशोधकाचं नाव मिळालं, ज्यांनी ते उभं राहावं म्हणून खटपट केली होती.

आम्ही गेलो तेव्हा आजोबाही बरोबर होते. रविवार होता आणि सगळी गर्दी पेंग्विनकडे. पेंग्विन लोकांना दिसू लागले २०१७ च्या मार्चमध्ये. त्याच वर्षी जानेवारीत तिकडे नवा घोडा आलेला. पोरं रांगेत, आईबाप मोबाइल उंच करून, आणि इकडे हत्तीसमोर आम्ही तिघंच. हत्ती फार देखणा आहे असं नाही. सांधे दिसतात, कुठे जोडलंय ते कळतं. पण हात लावायची इच्छा होते (लावू नये). पोर्तुगीजांनी पाहिलेला, इंग्रजांनी पाडलेला, परत जोडलेला तो दगड तसाच खांदे पाडून उभा आहे. मावशी म्हणाली, “बिचाऱ्याला घरी का नाही पाठवत?” मी विचार करतेय अजून. घोड्याची गोष्ट वेगळी. तो परक्या सत्तेचं कौतुक सांगायला आणला होता, तो चौकातून गेला ते ठीक. हत्ती तर घारापुरीचाच. तो परत बेटावर गेला तर नावाला अर्थ येईल, आणि लाँचमधून उतरणारा माणूस हत्ती कुठे म्हणून विचारणार नाही. पण एकदा उचलताना मोडलेली, जोडलेली वस्तू पुन्हा उचलायची? दीडशे वर्षांत क्रेन सुधारल्या, त्या दगडातले सांधे मात्र तेच आहेत. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला कोणाला विषय सुचत नसेल तर हा घ्या : हत्ती न फोडता समुद्रापार कसा न्यावा. गुगलवर तयार रिपोर्ट मिळणार नाही याची गॅरंटी.

मग घोडा. आजोबा त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. “लहान वाटतोय,” म्हणाले. चौकात तो मोकळ्या आकाशासमोर होता, इथे झाडं आहेत, म्हणून असेल. मग त्यांनी पहिल्यांदा वर बसलेल्या माणसाकडे नीट पाहिलं. “हा होय तो तुझा एडवर्ड!” इतकंच. आणि परत घोड्याचे पाय बघायला लागले. त्याच बागेत एडवर्डच्या आईचा, व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळाही आहे आणि कॉर्नवॉलिस, वेलस्ली वगैरे मंडळीही. आमच्या शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकातलं अख्खं प्रकरण झाडाखाली निवृत्त होऊन उभं आहे. आजूबाजूला लोक डबे उघडून बसलेले. कोणी मान वर करून बघत नाही. मला ती व्यवस्था बरी वाटली. फक्त हत्ती आणि घोडा यांच्याशेजारी मोठ्या अक्षरांत, मराठीत, त्यांची पूर्ण गोष्ट लिहिलेला फलक हवा. पेंग्विनकडे जाणारी पोरं वाटेत थांबून वाचतील असा.

स्टाफच्या अडचणी मला माहीत आहेत. साठ मुलं, दोन लेक्चरर, एखादा हरवला तर जबाबदारी कोणाची? बसमध्ये डोकी मोजता येतात, फूटपाथवर येत नाहीत. हे सगळं खरं आहे. पण पहिल्या दिवशी त्याच साठ जणांना आपण चालू मशीनच्या मधून फिरवतो! दहा जणांचे सहा ग्रुप, प्रत्येकाला एक लीडर आणि सीएसएमटीच्या तिकीट खिडकीपाशी भेटायची पक्की वेळ, एवढं केलं तरी पुरतं. तिथून भायखळा तिसरं स्टेशन. खर्चही वाढत नाही. रिपोर्टला विषय लागतोच. तेव्हा प्लँटच्या रिपोर्टमागे प्रत्येकाने चार पानं जोडावीत, घोड्याचं कास्टिंग, वॉटसनचा सांगाडा नाहीतर हत्तीची क्रेन यातल्या एकावर, स्वतः काढलेल्या स्केचसह. मार्क दिले तर मॉलचं नाव कोणी काढणार नाही, हे मी माझ्या वर्गाला ओळखून सांगते.

तारीख ठरवताना फक्त एवढं बघा. बुधवार नको, राणीचा बाग बंद असतो. आणि घारापुरी जोडायची असेल तर सोमवारही नको.